कवच आईचं

तो आवाज दुपारी सव्वाबाराच्या तासाला येत असे. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कविता शिकवीत असे आणि शेजारच्या बंद खोलीत काहीतरी बारीक, सलग, कोरडे सरसरत राही. बाहेर मार्चमधले नगरचे ऊन, मैदानावरची धूळसुद्धा उठायला कंटाळलेली, आणि भिंतीला कान लावला तर पलीकडे गर्द झाडीवर सर कोसळत असल्याचा भास. एकदा न राहवून मी मुलांना म्हटले, "दोन मिनिटं गप्प बसा आणि नुसतं ऐका." तास संपल्यावर धीर करून शेजारचे दार वाजवले. ते चार बोटे उघडले. फटीतून आधी वास आला, चिरलेल्या तुतीच्या पानांचा हिरवा, ओलसर वास, आणि त्याच्या तळाशी चुन्याचा कोरडा उग्रपणा. मग चष्म्याची एक काच दिसली आणि काचेमागचा एक डोळा.

"काय पाहिजे?"

"तुमच्या खोलीतून पाऊस पडल्यासारखा आवाज येतो."

"पाऊस न्हाई तो. जबडे आहेत. किडे पानं खातायत."

दार बंद झाले. आतून एक कडी लागल्याचा आवाज आला. मग दुसरी.

प्राणिशास्त्राच्या मंदाकिनी लोंढे यांची आणि माझी ओळख ही अशी झाली. पुढची बारा वर्षे आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना काढली. त्या माझ्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. ठेंगण्या, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांच्या अंगाला कसलाही वास नसे, पावडरचा नाही, तेलाचा नाही, गजऱ्याचा तर नाहीच. रेशीमकिड्यांना वास सोसत नाही, म्हणून त्यांनी स्वतःचे सगळे वास काढून टाकले होते. बोटांची टोके मात्र तुतीच्या चिकाने कायमची काळी-हिरवी. एरवी त्या पुस्तकी मराठी बोलत. राग आला किंवा माया दाटली की पाथर्डीकडची बोली वर येई. त्या दोहोंतले नेमके काय झाले आहे, ते ऐकणाऱ्याने ओळखायचे.

सगळे जग त्यांच्या लेखी संशयित होते. प्रयोगशाळेत भिंतीवर एक घड्याळ, टेबलावर एक आणि मनगटावर एक. वेळ लिहायची तर तिन्हींची लिहीत. वहीच्या पानांवर स्वतःच्या हाताने आकडे घालीत, कारण फाडलेले पान मागे काही सांगत नाही. खणाच्या फटीवर स्वतःचा एक पांढरा केस डिंकाने चिकटवलेला असे. सकाळी तो तुटलेला दिसला, तर खणातल्या प्रत्येक नोंदीपुढे लाल प्रश्नचिन्ह पडे. कँटीनचा चहा त्या आधी उजेडाकडे तिरका धरीत. रसायनशास्त्राचे सोनटक्के सर स्टाफरूममध्ये म्हणत, "लोंढेबाई आरशात बघतात ना, तेव्हा आधी आरशाच्या मागे कोण आहे ते बघून येतात." सगळे हसत. बाईही ऐकत, आणि हसणारी माणसे मोजल्यासारखी नजर सगळ्यांवरून फिरवीत.

विद्यार्थ्यांसाठी त्यांच्याजवळ दोनच वाक्ये होती. कुणी काही सांगू लागले की त्या विचारीत, "बघितलंस, का ऐकलंस?" आणि कुणी महिनाभर राबून हाती आलेला निष्कर्ष पुढे ठेवला, की मान वर न करता एकच शब्द टाकीत, "परत." म्हणजे पुन्हा कर, पहिल्यापासून. त्या शब्दावर मुली रडत बाहेर आलेल्या मी पाहिल्या आहेत.

हा संशय कुठून आला, हे त्यांनी एकदाच, तेही न विचारता सांगितले. आईवडील दर हंगामाला श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जात. पाचटाच्या कोपीतच, फडाकडेच्या झोपडीत, बाईंचा जन्म. बिऱ्हाडाबरोबर एका पाटीत कोंबड्याही जात.

"कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवायच्या आधी आई एकेक अंडं कानाशी धरून हलवायची," बाई म्हणाल्या. "आत खळखळलं की बाजूला. बाया म्हणायच्या, अगं, चांगलं तर दिसतंय. तर आई म्हणायची, दिसतंय ते कवच हाय. आत काय हाय, ते कवच सांगत न्हाई."

"किती सुंदर..." माझ्या तोंडून निघून गेले.

"सुंदर काय त्यात? नासकं अंडं खाली ठेवलं तर फुटतं, घाण सुटते अन् कोंबडी उठून जाते. बाकीची पण वाया."

त्यांच्या खोलीत मला शिरायला तीन वर्षे लागली. तोवर मला एवढेच ठाऊक होते की, बाई रेशीमकिड्यांच्या अंड्यांवर काम करतात आणि ते काम कुणाला दाखवीत नाहीत. आत गेले तेव्हा टेबलभर कागद पसरलेले, आणि प्रत्येक कागदावर प्लास्टिकची एकेक पालथी वाटी. प्रत्येक वाटीखाली एकेक मादी पतंग, पांढुरकी, केसाळ, उडता न येणारी. ती त्या गोल भिंतीत फिरत फिरत अंडी घालीत होती. अंडी घालून झाली की आईला खलात वाटायचे आणि तो रस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तिला रोग नसेल तरच तिची अंडी ठेवायची. आई तपासल्याशिवाय अंड्यांवर भरवसा ठेवायचा नाही, हा रेशमाच्या धंद्यातला जुना दंडक. मला तो क्रूर वाटला. बाईंना त्यात स्वतःचा स्वभाव शास्त्र होऊन भेटला असावा.

अशाच एका कागदावर त्यांना कित्येक वर्षांपूर्वी एक गोष्ट सापडली होती. एका आईची सगळी अंडी तिसऱ्या दिवशी आत दबून चपटी झालेली, पिचलेल्या जोंधळ्यासारखी. कोणीही तो कागद फेकला असता. बाईंनी तो ओल्या कापसावर, बंद पेटीत जपला. तीनशे-साडेतीनशेतून मूठभर अंडी फुटून किडे बाहेर आले. त्या किड्यांपासून त्यांनी एक वाण उभा केला, पातळ कवचाचा. जगायला नालायक, आणि म्हणूनच मोलाचा. कवच कसे घडते, हे ज्याचे कवच नीट घडत नाही त्यालाच विचारता येते. संसार नाही, मूल नाही. वर्षानुवर्षे त्यांनी एवढी एकच वंशावळ सांभाळली होती.

"ये. बघ," एके दिवशी त्या म्हणाल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर अंड्याच्या पृष्ठभागावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी.

"हे काय?"

"ठसे. अंडं आईच्या पोटात असतं तेव्हा त्याच्या भवती आईच्या पेशींचा एक थर असतो. त्या पेशी कवच घालतात. आधी आतला थर, मग मधला, शेवटी बाहेरचा. प्रत्येक थराची जनुकं वेगळी, अन् ती आपापल्या पाळीलाच जागी होतात. पुढच्या पाळीला उठवणारं पण एक जनुक असतं. माझ्या वाणात तेच बिघडलंय. शेवटची पाळी उठतच नाही. म्हणून बाहेरचा थर राहून जातो."

"आणि त्या पेशी? कवच झाल्यावर?"

"काम झालं की गळून जातात. ठसे राहतात."

श्रीगोंद्याच्या फडातली, अंडी कानाशी धरणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढे आली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती उपमा झाली असती, आणि उपमा त्या खोलीत चालत नसे. बाई भिंग पुसत होत्या. पुसता पुसता, बहुधा वहीत लिहिण्याआधी तोंडात घोळवून पाहावे तसे, त्या म्हणाल्या, "कवच आईचं, आतलं दोघांचं."

मी ते त्याच संध्याकाळी माझ्या रोजनिशीत निळ्या शाईने उतरवून घेतले. पुढच्या महिला दिनाच्या भाषणाचा शेवट त्याच ओळीने केला. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत बसलेल्या बाई कार्यक्रम संपल्यावर जवळ आल्या.

"ते मी किड्यांबद्दल बोलले होते."

"हो मॅडम, पण त्यातला अर्थ..."

"अर्थ न्हाई त्यात. माहिती हाय ती."

ते मी हसण्यावारी नेले. त्या एका हसण्याचे काय झाले, तेच आता सांगायचे आहे.

बाई निवृत्त व्हायला वर्षही उरले नसताना प्राचार्यांना एक निनावी पत्र आले. लोंढे यांचे आकडे बनावट आहेत, असा त्यात आरोप होता. पुरावा म्हणून एक निरीक्षण होते. त्यांच्या नोंदींत एका आईची अंडी एकतर सगळी पातळ कवचाची असतात किंवा सगळी चांगली. इतक्या वर्षांत सरमिसळ असलेला एकही कागद नाही. आईबापांचे गुण लेकरांत मिसळतात, मग हे कसे? 'निसर्ग इतका नीटनेटका नसतो. हे आकडे साच्यातून काढलेल्या विटांसारखे आहेत.'

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या वर्गाच्या दारात उभ्या.

"पत्र तू लिहिलंस?"

"मी? मी कशाला लिहीन?"

"पत्रात उपमा हाय. विटांची. आपल्या कॉलेजात उपमा कोण देतं?"

मला राग आला. मी रागानेच नाही म्हणाले आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे, चहाचा कप तिरका धरावा तशी मान तिरकी करून, बराच वेळ बघत राहिल्या. पत्र मी लिहिले नव्हते. पण खरे सांगायचे तर त्यातली शंका मला परकी नव्हती. दोन कड्या, तीन घड्याळे, खणावरचा केस. ज्या माणसाला सगळे जग लबाड वाटते, त्याने लबाडी फार जवळून पाहिलेली असते, मग ती दुसऱ्याची असो वा स्वतःची, असे मी कैकदा मनाशी म्हटले होते. ते पत्र कुणी लिहिले, हे आजतागायत कळलेले नाही.

तिघांची चौकशी समिती नेमली गेली. सोनटक्के सर अध्यक्ष, ग्रंथपाल सदस्य, आणि तिसरी मी. मी विषयाबाहेरची, म्हणून निःपक्ष. काय पणाला लागले आहे, हे आम्हाला स्पष्ट सांगितलेले होते. नोंदी खोट्या ठरल्या तर प्रयोगशाळेची किल्ली बाईंकडून काढून घ्यायची आणि तो वाण नष्ट करायचा.

सोनटक्के सरांनी सोपी परीक्षा सुचवली. बाईंकडची पातळ कवचाची अंडी घ्यायची, समितीच्या कुलपात वाढवायची आणि त्यातून निघालेल्या पतंगांची अंडी बघायची. दोष वंशातला असेल तर तीही पातळ निघतील. बाईंनी फ्रिज उघडला. आत तीन पेट्या.

"पहिलीतली घ्या, नाहीतर दुसरीतली," बाई म्हणाल्या. "तिसरीला हात लावू नका."

"का बरं?" सरांनी विचारले.

"तिच्यातल्या आया पातळ कवचाच्या, पण बाप बाहेरच्या चांगल्या वाणाचे. त्यांच्या लेकी चांगलीच अंडी घालणार. दोष दिसायला नाती याव्या लागतील. तेवढं थांबायचं असेल तर घ्या."

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत जे होते तेच माझ्याही डोळ्यांत असणार. ही बाई आपल्याला एका पेटीपासून दूर ठेवते आहे.

"म्हणजे चांगली निघाली तरी तुमचं खरं, आणि वाईट निघाली तरी तुमचंच खरं," सर म्हणाले. "तिसरीच घेऊ."

मी मान हलवली. बाईंनी तिसरी पेटी काढून टेबलावर ठेवली. मग सरांशी बोलत असल्यासारख्या, पण थेट माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कवच आईचं असतं हो सर. आतलं दोघांचं."

माझी ओळ! ती ओळखीची वाटली आणि ओळख पटल्याचा एक लहानसा आनंदही झाला. तिचा काही उपयोग आहे, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

समितीने एक खोली कुलूपबंद केली. आमचे शिपाई भानुदासमामा सकाळ-संध्याकाळ आमच्यादेखत पाने टाकीत. अंडी थोडीच फुटली, पण पुरेशी. दीड महिन्यात किडे वाढले, कोष झाले, कोषांतून पतंग निघाले, आणि एकाच पेटीतले नर-मादी एकत्र करून एकतीस आयांना एकतीस कागदांवर बसवले. तिसऱ्या दिवशी मी स्वतः एकेक वाटी उचलून पाहिली. एकतीसच्या एकतीस कागदांवर गोल, टणक, निर्दोष अंडी. फिकट पिवळी, मोत्यांसारखी.

"एकही पातळ नाही," सोनटक्के सर म्हणाले. त्यांच्या स्वरात विजय नव्हता, नुसते उरकल्याचे समाधान होते. "फ्रिजमध्ये वाळून चपटी होत असणार, मॅडम. वंशाबिंशाचा काही संबंध नाही."

"परत," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या लेकी येऊ द्या."

"समितीला मुदत आहे."

"किड्याला पण हाय. समितीपेक्षा कमीच हाय."

अहवालावर मी सही केली. मी डोळ्यांनी बघितले होते, ऐकले नव्हते. बाईंच्याच कसोटीला उतरणारी सही होती ती. त्या दुपारी कॉलेजच्या मागच्या खड्ड्यात फ्रिजमधल्या तिन्ही पेट्या ओतल्या गेल्या, वर चुना पडला आणि मग काडी. बाई कडेला उभ्या होत्या. जळालेल्या कागदाला एक गोडसर वास असतो. तो येत असताना त्यांनी किल्ली भानुदासमामांच्या हातात दिली आणि मामांकडून पोच लिहून घेतली, या वेळी एकट्या मनगटावरच्या घड्याळाच्या वेळेसह.

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सावेडीतल्या आमच्या घरासमोर रिक्षा थांबली. बाई उतरल्या. हातात स्टीलचा डबा. आत आल्या, पंख्याखालची खुर्ची नाकारून भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या आणि डबा माझ्यापुढे सरकवला. आत घडी न घालता गोल गुंडाळलेले पाच कागद. समितीच्या परीक्षेतले. गोल, टणक, निर्दोष अंड्यांचे.

"टोपलीत टाकलेले होते," त्या म्हणाल्या. "चांगली अंडी म्हणून कुणी जाळली न्हाईत. आता माझा वाण फक्त यांच्या पोटात हाय. असला तर."

"मग मला कशाला, मॅडम?"

"मी वाढवले तर अदलाबदल केली म्हणतील. माझ्या वर्गातल्या पोरींनी वाढवले तर मी पढवलं म्हणतील. तुझा माझ्यावर विश्वास न्हाई, हे समद्या कॉलेजला माहीत हाय. तुझी सही हाय तशी." त्यांनी डब्याचे झाकण उलटे करून पाहिले. "म्हणून तर आले."

मी डब्यातले पाचही कागद पुन्हा मोजले. मग विचारले, "आणि हेही सगळे चांगलीच अंडी घालणारे निघाले तर?"

"तर तुझी सही बरोबर होती."

मागच्या खोलीत किडे आले आणि आमच्या घराचा वास गेला. उदबत्ती बंद, फोडणीच्या वेळी दार बंद, डासांची कॉइल बंद. "म्हणजे डासांनी आपल्याला खाल्लं तरी चालेल, पण यांना शिंक यायला नको," आमचे हे म्हणाले, आणि तरी रोज सकाळी कॉलेजच्या कुंपणाची तुती ओल्या फडक्यात बांधून तेच स्कूटरवरून आणत. मुंगीएवढे काळे जीव आधी पानाच्या शिरा सोडून कुरतडत. मग कात टाकून फिके झाले, पांढरे झाले, बोटाएवढे झाले. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि माझ्याच घराच्या भिंतीपलीकडून तो आवाज आला. मी हातातले काम सोडून ऐकले. पाऊस नव्हता तो. जबडे होते.

माझा संशय गेलेला नव्हता, हेही लिहायला हवे. बाईंनी पाचच कागद का निवडले? हेच पाच का? त्या खोलीत चोरून येणार नाहीत कशावरून? मी खोलीला कुलूप लावले, आणि तेवढ्याने भागेना म्हणून दाराच्या फटीवर माझाच एक केस डिंकाने चिकटवला. चिकटवताना स्वतःची लाज वाटली. बाईंनी मात्र त्या दीड महिन्यात एकदाही फोन केला नाही. त्याचाही मला संशय आला.

किडे बांबूच्या गोल जाळीवर चढले. तिला चंद्रिका म्हणतात. एरवी त्या नावावर मी एखादी कविता केली असती. या वेळी मी फक्त कोष मोजले. पतंग निघाले तेव्हा घरातल्या सगळ्या वाट्या पालथ्या पडल्या. सत्तावीस माद्या आणि सत्तावीस वाट्या. आम्ही दोन दिवस वरण ताटातच वाढून घेतले. दुसऱ्या दिवशी वाट्या उचलल्या, अंडी गोल होती. मला वाईट वाटले, आणि वाईट वाटले याचे आश्चर्य वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडून पुन्हा पाहिले.

चार नंबरच्या कागदावरची सगळी अंडी चपटी झाली होती. मग नऊ. मग अकरा. एकूण सहा कागद, आणि प्रत्येकावर पहिल्यापासून शेवटच्या अंड्यापर्यंत सगळी. उरलेल्या एकवीस कागदांवर एकही नाही.

मी सत्तावीसही कागद जमिनीवर ओळीने मांडले. ती ओळ आता माझ्या रोजनिशीतून उठून आली आणि पहिल्यांदाच माहिती झाली. कवच आई घालते. म्हणून एका आईच्या कागदावर सरमिसळ असूच शकत नाही. सगळी पातळ किंवा सगळी चांगली. पातळ कवचातून आलेल्या त्या लेकींना बापाकडून चांगले जनुक मिळाले होते. म्हणून समितीने पाहिलेली एकतीसही आयांची अंडी टणक होती, आणि दोष त्यांच्या आत निजून होता. ज्या नातींना तो दोन्हीकडून मिळाला, तिथे तो जागा झाला. निसर्ग नीटनेटका नव्हता. आई एकच होती, एवढेच. आणि हे सगळे मला बाईंनी चार शब्दांत, दोनदा, एकदा तर माझ्या डोळ्यांत बघून सांगितले होते. मी त्याला टाळ्या मिळवल्या होत्या.

प्राचार्यांना मी सही मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. सोबत सत्तावीस कागदांचे फोटो जोडले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, लोंढेबाई गेल्या महिन्यातच रिटायर झाल्या. आता कशाला?" तरी पत्र फाइलला लागले. सोनटक्के सरांनी कागद हातात घेऊन, प्रामाणिकपणे, उजेडात निरखले. "आहेत खरी चपटी," ते म्हणाले. "पण सहाच. योगायोगही असू शकतो."

पुढच्या रविवारी मी एस.टी.ने पाथर्डीच्या बाजूला, बाईंच्या भावाच्या वस्तीवर गेले. उतरल्यावर मैलभर उघडा माळ आणि मग एकदम, ठिबकच्या नळ्यांवर, गुडघाभर उंचीची तुतीची चार ओळींची हिरवाई. बाई लिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. हात पुढे केला.

मी सहा कागद दिले. त्यांनी एकेक उन्हाकडे धरला. मग, सवयीने असेल, तो कानाशी नेला आणि नखाने कडेला हलकेच टिचकी मारली.

"आया?"

मी सत्तावीस काड्यापेट्या बाजेवर मांडल्या, नंबर घातलेल्या, प्रत्येकीत एक वाळलेली मादी. त्यांनी चौथी उघडून पाहिली, मग अकरावी.

"खोलीत कुणी गेलं न्हाई कशावरून?"

"दाराला केस लावला होता."

त्यांनी मान वर केली. "तुटला?"

"एकदा. यांनी कॉइल शोधायला दार उघडलं होतं. त्या दिवशीच्या नोंदींपुढे प्रश्नचिन्ह घातलंय."

त्यांच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. मी बारा वर्षांत ते पाहिले नव्हते. तोच धागा पकडून मी घाईने म्हणाले, "मॅडम, माझं चुकलं. मी सही करायला नको होती. तुम्ही मला सांगत होता आणि मी..."

"सोनटक्के काय म्हणाला?"

"म्हणाले, सहा हा योगायोगही असू शकतो."

"बरोबर हाय त्याचं," बाई म्हणाल्या.

वाऱ्याने तुतीची पाने उलटी झाली, त्यांची फिकट बाजू दिसली आणि पुन्हा सरळ झाली. बाई घरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तोच स्टीलचा डबा होता, तळाशी ओला कापूस अंथरलेला. सहाही कागद त्यांनी एकमेकांना चिकटू न देता त्यावर ठेवले, झाकण लावले, ते नीट बसले की नाही हे अंगठ्याने गोल फिरवून तपासले. मग डबा बाजेवरून माझ्या बाजूला सरकवला. झाकणावरचे काळे-हिरवे बोट थोडा वेळ उचललेच नाही. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या,

"परत."